बाद झालेला एक अर्ज

गोंदियाजवळच्या बिरसीचं नाव हल्ली घेतलं जातं ते विमानतळामुळे. कामठ्याच्या बाजूला, धानाच्या बांध्यांना लागून असलेली ही धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. पुढे कितीतरी वर्षं तिच्याकडे कुणी फारसं फिरकलं नाही. ती पुन्हा जागी कशी झाली, याचा निवडणुकीशी संबंध आहे आणि ते पुढे येईलच. आधी १९५४ सालाकडे जाऊ. त्या वर्षीच्या मे महिन्यात, अंगाची लाही करणाऱ्या उन्हात, या भागातले मतदार लोकसभेच्या एका पोटनिवडणुकीसाठी रांगेत उभे राहिले. उमेदवारांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि ते हरले. भंडाऱ्याची ती निवडणूक एवढ्या एका वाक्यापुरतीच लक्षात राहिली आहे. ती मुळात झालीच का, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

तेव्हा गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १ मे १९९९ रोजी झाला. भंडारा जिल्हा होता, तोही महाराष्ट्रात नव्हे तर जुन्या मध्य प्रदेशात, ज्याची राजधानी नागपूर होती. भंडारा हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एकाच मतदारसंघातून दोन खासदार निवडून जायचे. त्यातली एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव असे. प्रत्येक मतदाराला दोन मतं होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती.

आजच्या मतदाराला हे कोडंच वाटेल. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं नव्हती की शिक्का मारायची सोय नव्हती. रुपयाच्या नोटेएवढी मतपत्रिका हातात मिळायची. आडोशामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी आणि तिच्यावर त्याचं चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. (अमेरिकेत हत्ती रिपब्लिकनांचा. आपल्याकडे पुढे फेडरेशनचा रिपब्लिकन पक्ष झाला आणि त्यानेही हत्तीच ठेवला. योगायोगाला डोकं नसतं.) द्विसदस्य मतदारसंघात अशा दोन मतपत्रिका दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत गेल्या, तर त्यातली एक बाद. ही बारीकशी तरतूद पुढच्या साऱ्या कथेची किल्ली आहे.

त्या पहिल्या निवडणुकीत भंडाऱ्यातून काँग्रेसचे दोघे निवडून आले. सर्वसाधारण जागेवर गोंदियाचे चतुर्भुज विठ्ठलदास जसानी, राखीव जागेवर तुलाराम साखरे. निकाल लागला, खासदार दिल्लीला गेले, आणि मग निवडणूक अर्ज दाखल झाला. अर्जदारांत मोरेश्वर परशराम यांचं नाव पहिलं, म्हणून कायद्याच्या पुस्तकांत हा खटला ‘जसानी विरुद्ध मोरेश्वर परशराम’ या नावाने आहे. वकिलीच्या विद्यार्थ्यांना तो आजही वाचावा लागतो. गोंदियात मात्र तो ठाऊक असलेला माणूस शोधूनच काढावा लागेल.

आक्षेप दोन होते. पहिला बिडीचा. जसानी हे मूळजी सिक्का आणि कंपनी या बिडी कारखानदार पेढीचे भागीदार. तेंदूपत्त्याच्या या मुलखात बिडीचा धंदा किती मोठा होता, हे सांगायला नको. अख्ख्या घराच्या बोटांना तंबाखूचा वास असायचा. ही पेढी सैनिकांच्या कँटीनसाठी सरकारला बिड्या पुरवत होती. कायदा सांगत होता की ज्याचे सरकारशी माल पुरवण्याच्या करारात हितसंबंध आहेत, त्याने निवडणुकीला उभं राहू नये. उमेदवारी भरण्याच्या दिवसापासून निवडणूक होईपर्यंत तो करार जिवंत होता का, यावर बराच कीस पाडला गेला. शेवटी न्यायालयाने ठरवलं की होता. बिडीने खासदारकी नेली.

दुसरा आक्षेप माझ्या मते अधिक मोलाचा आहे. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे नावाच्या एका इच्छुकाने अर्ज भरला होता. छाननीत तो फेटाळला गेला. कारण काय, तर ठवरे महानुभाव पंथात गेले होते. पंथ जातिभेद मानत नाही; म्हणून पंथात गेलेला माणूस महार राहत नाही; आणि महार नाही म्हणजे राखीव जागेला पात्र नाही. तर्क वरवर चोख होता. ठवरे रिंगणाबाहेर गेले, पेट्या लागल्या, मतं पडली.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९५४ मध्ये निकाल दिला. तो लिहिला न्यायमूर्ती विवियन बोस यांनी. ते आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, त्यामुळे चक्रधरस्वामींचा पंथ काय आणि विदर्भातलं गाव काय, हे त्यांना कुणी नकाशावर दाखवायची गरज नव्हती. त्यांनी तीन गोष्टी तपासायला सांगितल्या: जुन्या समाजाने त्या माणसाला दूर लोटलं का, त्या माणसाच्या स्वतःच्या मनात काय होतं, आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. ठवरे महार समाजातच वावरत होते आणि समाज त्यांना आपलाच मानत होता. म्हणजे पंथ बदलला तरी जात सुटली नव्हती. अर्ज चुकीने फेटाळला गेला होता. आणि म्हणून केवळ जसानींची नव्हे, सगळीच निवडणूक रद्द. साखरेंचीही जागा गेली.

इथे जरा थांबायला हवं. ठवरे उभे राहिले असते तर किती मतं मिळवली असती? कदाचित हजार, कदाचित अनामत गेली असती. न्यायालयाने तो हिशोब मांडलाच नाही. चुकीने स्वीकारलेल्या अर्जाबद्दल विचारता येतं की त्याने निकालात काय फरक पडला, कारण त्याची मतं मोजून समोर असतात. चुकीने फेटाळलेल्या अर्जाची मतं कुठेच नसतात. तो माणूस रिंगणात असता तर कुणाची मतं त्याच्याकडे वळली असती, कुणी माघार घेतली असती, कुणी कुणाशी हातमिळवणी केली असती, हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून अशा वेळी निवडणूकच पुन्हा घ्यायची. हरणाऱ्या माणसाला भारतीय कायद्याने दिलेला एवढा मोठा मान दुसरीकडे कुठे माझ्या पाहण्यात नाही.

आणि त्या अर्जामुळे मोकळ्या झालेल्या राखीव जागेसाठी बाबासाहेब उभे राहिले.

ते तेव्हा राज्यसभेत होते. सप्टेंबर १९५१ मध्ये नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडल्यावर मुंबईत त्यांनी लोकसभा लढवली होती, तीही अशाच द्विसदस्य मतदारसंघात. सोबतीला समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. दोघेही पडले. आंबेडकरांना हरवणारे नारायण काजरोळकर काँग्रेसचे. फरक साडेचौदा हजारांचा. त्याच मतदारसंघात कम्युनिस्टांचे श्रीपाद अमृत डांगे उभे होते आणि त्यांनी सुमारे ९७ हजार मतं घेतली. पण खरी गोष्ट बाद मतांची. चौऱ्याहत्तर हजारांहून अधिक मतं मोजलीच गेली नाहीत. मतदारांना आपलं दुसरं मत वाया घालवायला सांगितलं गेलं, अशी तक्रार आंबेडकर आणि मेहता यांनी मिळून निवडणूक अर्जात केली. तो अर्ज फेटाळला गेला. ‘मतं कुजवणं’ हा शब्दप्रयोग मराठी राजकारणात त्या निवडणुकीपासून ऐकू येतो. दोन्ही मतपत्रिका आपल्याच माणसाच्या पेटीत टाका. एक मोजली जाईल, दुसरी कुजेल, पण शेजारच्या उमेदवाराला तर जाणार नाही.

दोन वर्षांनी भंडाऱ्यात तीच जोडी पुन्हा उभी राहिली. राखीव जागेवर आंबेडकर, सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता, आता प्रजा समाजवादी पक्षाचे. काँग्रेसने राखीव जागेवर भाऊराव बोरकरांना दिलं. आंबेडकरांच्या सभांना गर्दी लोटली. नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर त्यांनी तिथे कडाडून टीका केली. कार्यकर्त्यांमधून सूचना आली की आपण दुसरं मत मेहतांना देऊ नये, कुजवावं. म्हणजे आपले बाबासाहेब वर राहतील. राज्यघटना लिहिणाऱ्याने मतदाराला मत वाया घालवायला सांगायचं नाही, म्हणून त्यांनी ती नाकारली, असं आंबेडकरी चळवळीत आजही अभिमानाने सांगितलं जातं.

निकाल आला. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब आठ हजारांच्या आसपास मतांनी हरले.

याचा अर्थ लावायला फार विद्वत्ता लागत नाही. फेडरेशनच्या मतदाराने आपली दुसरी मतपत्रिका इमानाने मेहतांच्या पेटीत टाकली. मेहतांच्या सगळ्या मतदारांनी आपली दुसरी मतपत्रिका हत्तीकडे नेली नाही. युती दोन पुढाऱ्यांमध्ये झाली होती. आडोशामागे गेल्यावर जात उरली होती.

रिंगणातला एक जादा माणूस निकाल कसा फिरवतो, हे पाहायला आता थोडं अमेरिकेकडे. दर चार वर्षांनी आपल्या वाहिन्यांवर अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीची चर्चा रंगते, आणि दोनच पक्ष, दोनच माणसं, एवढंच आपल्यापर्यंत पोचतं. खरा खेळ त्याआधी, प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात झालेला असतो. आणि कित्येकदा त्याबाहेरचा एक तिसरा माणूस तो उधळून लावतो. याचं ठळक उदाहरण १९१२ चं. रिपब्लिकन पक्षाच्या बहुतेक प्रायमरींमध्ये थिओडोर रूझवेल्ट जिंकले. पण तेव्हा प्रायमरी मोजक्याच राज्यांत होत्या. बाकी सगळं अधिवेशनात, पक्षाच्या म्होरक्यांच्या हातात. अधिवेशनाने विद्यमान अध्यक्ष टाफ्ट यांनाच तिकीट दिलं. रूझवेल्ट चिडून बाहेर पडले आणि स्वतंत्र पक्ष काढून उभे राहिले. त्यांना २७ टक्के मतं पडली, टाफ्टना २३. दोघांची बेरीज निम्म्या मतदारांएवढी; आणि अध्यक्ष झाले जवळपास ४२ टक्के मतं घेणारे डेमोक्रॅटिक विल्सन. १९१३ च्या जुलैत बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकायला आलेला तरुण भीमराव न्यूयॉर्कला उतरला तेव्हा त्या विल्सनला अध्यक्ष होऊन चार-पाच महिने झाले होते.

तिसऱ्याला अमेरिकेत क्वचितच काही मिळतं. १९९२ मध्ये रॉस पेरो यांनी सुमारे १९ टक्के मतं घेतली आणि निर्वाचक मंडळात त्यांना एकही मत नाही. पण २००० मध्ये फ्लोरिडात बुश यांचा विजय ५३७ मतांचा होता आणि त्याच राज्यात राल्फ नाडर यांनी ९७ हजारांवर मतं घेतली होती. नाडर नसते तर त्यातली किती बुश यांचे प्रतिस्पर्धी गोर यांना गेली असती, यावर अमेरिकन अजून भांडतात. ठवऱ्यांच्या मतांसारखाच हा प्रश्नही कधी सुटायचा नाही. फरक इतकाच की तिथे निवडणूक पुन्हा घेतली गेली नाही.

प्रायमरीला तिथे आजचं वजन आलं ते १९६८ नंतर. त्या वर्षी ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर पोलिसांच्या लाठ्या चालल्या. त्यानंतर पक्षाने नियम बदलले आणि उमेदवार निवडण्याचा हक्क साध्या मतदारांच्या हाती आला.

आपल्याकडे प्रायमरी म्हटलं की ही परदेशी चीज आहे असं धरून चालतात. वस्तुतः विदर्भाने ती पाहिलेली आहे, आणि तीही कायद्याने बांधलेली. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराचं नाव घेतलं की येरवड्याचं उपोषण आठवतं. त्यातली कलमं वाचायला कुणाला वेळ नसतो. प्रत्येक राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी मतदान करून चार उमेदवारांची यादी निवडायची, आणि मग त्या चौघांतून एकाला सगळ्या मतदारांनी मिळून निवडायचं. ही प्रायमरीच. करारात मध्य प्रांताच्या वाट्याला २० राखीव जागा होत्या, म्हणजे मुंबई इलाख्याला मिळालेल्या १५ पेक्षा जास्त. १९३७ आणि १९४६ च्या निवडणुकांत ही पद्धत चालली. चारहून जास्त इच्छुक असतील तिथेच तिची गरज पडे, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ती झालीच नाही.

पण जिथे झाली तिथे तिने काय दाखवलं, यावरच आंबेडकरांचं बोट होतं. प्राथमिक फेरीत आपल्या लोकांनी ज्याला पहिला क्रमांक द्यावा तो अंतिम फेरीत पडे. आणि तळाला राहिलेला, पण सवर्णांच्या मतांना चालणारा, निवडून येई. १९४६ मध्ये फेडरेशनचा प्रांतिक निवडणुकांत जवळजवळ धुव्वा उडाला. प्राथमिक फेरीतली मतं पाहा, मग आमचं बळ कळेल, असं ते ब्रिटिशांना सांगत राहिले. अमेरिकेत प्रायमरीने मतदाराला ताकद दिली. इथे तिने एका समाजाला त्याची निवड विचारली आणि पुढच्या फेरीत ती पुसून टाकली. नव्या राज्यघटनेत ही पहिली फेरी उरलीच नाही. ती का उरली नाही, याची हळहळ करावी की सुटकेचा निःश्वास टाकावा, याबद्दल माझं मन अजून ठरत नाही.

भंडाऱ्यानंतर पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, भाषिक राज्यांवरच्या आपल्या पुस्तिकेत आंबेडकरांनी राखीव जागांना पर्याय सुचवला: दोन किंवा तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि संचयी मतदान. म्हणजे मतदाराला जितकी मतं तितकी सगळी एकाच उमेदवाराला देता यावीत. मुंबई इलाख्यात १९३७ ला हीच पद्धत होती, आणि त्या निवडणुकीत त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष दमदारपणे पुढे आला होता. अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या विधानसभेत ती १८७० पासून १९८० पर्यंत टिकली. भंडाऱ्याची पेटी नेमकं हेच करू देत नव्हती. दुसरी मतपत्रिका हत्तीच्या पेटीत पडली तर कुजायची; संचयी मतदानात ती मोजली गेली असती. आठ हजारांच्या फरकाला तेवढं पुरलं असतं असं मला वाटतं, पण मुंबईतल्या बाद मतांप्रमाणे हाही हिशोब आता कुणाला मांडता येणार नाही. सरकार उलट दिशेने गेलं: १९६१ मध्ये कायदा करून द्विसदस्य मतदारसंघच बंद केले.

बोरकरांना खासदारकी फार काळ लाभली नाही. त्यांच्या निधनानंतर १९५५ मध्ये भंडाऱ्यात पुन्हा पोटनिवडणूक झाली आणि अनुसयाबाई बोरकर लोकसभेत गेल्या. आंबेडकरांनी ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ठवऱ्यांच्या खटल्यातला प्रश्न, धर्म सुटला की जात सुटते का, आता लाखो लोकांसमोर उभा राहिला. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळायला १९९० साल उजाडलं. अशोक मेहता १९६७ मध्ये पुन्हा भंडाऱ्यातूनच लोकसभेवर गेले, आणि यावेळी काँग्रेसच्या तिकिटावर. बैलजोडी शेवटी त्यांनाही पावली.

आता बिरसीची धावपट्टी. २००४ मध्ये प्रफुल्ल पटेल भंडाऱ्यात भाजपच्या शिशुपाल पटले यांच्याकडून सुमारे तीन हजार मतांनी हरले. एवढ्या थोड्या फरकात रिंगणातला प्रत्येक किरकोळ उमेदवार निकालाचा धनी असतो. पण पटेल राज्यसभेत होते, ५० वर्षांपूर्वी आंबेडकर होते तसेच. आणि केंद्रात नागरी विमान वाहतूक मंत्री झाले. त्याच काळात बिरसीचा कायापालट झाला, वैमानिक प्रशिक्षण संस्था आली. मतदाराने ज्याला नाकारलं त्याच्याच खात्याने गावात विमानं उतरवली.

२००९ मध्ये पटेल जिंकले. पण दुसऱ्या क्रमांकावर भाजप नव्हता. तिथे होते नाना पटोले, काँग्रेसमधून बाहेर पडलेले, अपक्ष. विद्यमान खासदार पटले तिसरे. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत असा कायदा आहे की पक्षाच्या प्रायमरीत हरलेल्याला त्याच निवडणुकीत अपक्ष म्हणून उभं राहता येत नाही. आपल्याकडे प्रायमरीच नाही, तेव्हा कुणी हरतच नाही; फक्त तिकीट नाकारलं जातं. मग बंडखोरी होते, ‘अपक्ष’ म्हणून अर्ज भरला जातो, आणि माघारीच्या दिवशी दुपारपर्यंत फोन वाजत राहतात. पटोले पुढच्याच वेळी, २०१४ मध्ये, भाजपचे उमेदवार होते आणि त्यांनी पटेलांना दीड लाखाच्या आसपास मतांनी पाडलं. २०१७ च्या डिसेंबरात त्यांनी भाजप आणि खासदारकी दोन्ही सोडलं, आणि २०१८ च्या मे महिन्यात इथे पुन्हा पोटनिवडणूक लागली.

काँग्रेसने २०१४ मध्ये मात्र राहुल गांधींच्या पुढाकाराने मोजक्या मतदारसंघांत प्रायमरीचा प्रयोग केला होता. त्यात विदर्भातलं वर्धा होतं. पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी मतदान करून उमेदवार निवडला: सागर मेघे, ज्येष्ठ नेते दत्ता मेघे यांचे चिरंजीव. ते निवडणुकीत भाजपच्या रामदास तडसांकडून हरले. काही आठवड्यांनी मेघे पितापुत्र भाजपमध्ये गेले. २०१९ च्या निवडणुकीत काँग्रेसची तिकिटं पूर्वीप्रमाणे दिल्लीहूनच आली.